गुरुनाथ तांडेलांचा आखडता पाय

मंडळाच्या दिवाळी अंकात आपल्या वडिलांवर लेख लिहायला बसलं की भल्याभल्यांची लेखणी सैल सुटते. वडील कारकून असतील तर हेडक्लार्क होतात आणि गावच्या नाटकात एकदा भाला धरून उभे राहिले असतील तर नटवर्य होतात. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मीनाक्षीनं २००४ सालच्या अंकात आपल्या बाबांवर दोन पानं लिहिली, ती त्या मानानं बरीच सरळ होती. बाबा मुंबईत सूर्योदय मिलच्या संघातून फुटबॉल खेळायचे, लेफ्ट आउटच्या जागेवर, म्हणजे डावीकडच्या रेषेला चिकटून. पगार मिलचा आणि काम मैदानावरचं. एवढं सगळं खरंच होतं. एकाच ठिकाणी लेकीला राहवलं नाही आणि तिनं ठोकून दिलं, "अकरा वर्षांच्या कारकिर्दीत बाबांनी एकही फाउल केला नाही." लेखाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. "त्रेपन्न सालच्या एका मॅचबद्दल विचारलं, की मात्र बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात."

गुरुनाथांनी लेख वाचला, अंक टीपॉयवर ठेवला आणि ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

आता हे गुरुनाथ तांडेल म्हणजे काही पुतळा उभारावा असे खेळाडू नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. माझगावच्या कोळीवाड्यातला सडपातळ मुलगा. पन्नास साली, एकोणिसाव्या वर्षी, मिलच्या फुटबॉल सेक्रेटरीनं त्याला बंदरावर टोपली घेऊन पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या हजेरीपटावर त्याचं नाव चढलं. कागदावर टाइमकीपर. प्रत्यक्षात सकाळी दोन तास प्रॅक्टिस, दुपारी खात्यात चक्कर मारून आलो असं दाखवायचं आणि संध्याकाळी मॅच. त्या काळी व्यावसायिक खेळाडू हा शब्द कोणी उच्चारत नसे, पण पोट फुटबॉलवरच चालायचं. ज्या सीझनला संघ हरे त्या सीझनला मिलमधली खुर्ची डुगडुगायला लागे.

गुरुनाथांचा पळ विलक्षण होता. रेषेवरून चेंडू घेऊन निघाले की फुलबॅक नुसता पाठ बघत राही, आणि कोपऱ्यापाशी पोहोचले की तिथून चेंडू असा उचलून टाकत की तो थेट सेंटर फॉरवर्डच्या कपाळावर जाऊन पडे. पब्लिकनं त्यांचं नाव 'पोस्टमन' ठेवलं होतं. पत्ता चुकायचा नाही. पहिली तीन वर्षं असा बहर होता. पुढची आठ वर्षं ते खेळले खरे, पण त्या आठ वर्षांबद्दल कोणी गोष्टी सांगत नाही. कारण मध्ये ते त्रेपन्न साल होतं.

त्या काळात आपल्याकडे बहुतेक जण अनवाणी खेळत. पायाला पट्टी गुंडाळायची, घोट्यावर अँकलेट चढवायची आणि उतरायचं मैदानात. मग वरून हुकूम यायला लागले की आता बूट घालूनच खेळायचं. ज्या संघांकडे पैसा होता त्यांनी आधी बूट घेतले, बाकीच्यांनी चालढकल केली. त्यामुळे एक-दोन सीझन असा विचित्र मामला होता की एका बाजूला बूट आणि दुसऱ्या बाजूला उघडे पाय. सूर्योदय मिलनं चांभाराकडून अकरा जोड करून घेतले. तळाला चामड्याच्या गट्ट्या, त्या खिळ्यांनी ठोकलेल्या. गुरुनाथांना ते बूट घालून चालताना नवऱ्या मुलासारखं वाटायचं, म्हणजे अंगावर सगळं नवं आणि सगळं टोचतंय.

बुटातली त्यांची ती तिसरीच मॅच होती. समोर पेस्तनजी आगबोट कंपनी, आणि गुरुनाथांच्या अंगावर राइट बॅक मनोहर घाग. हा घाग अनवाणी खेळायचा आणि पहिल्या मिनिटापासून गुरुनाथांच्या घोट्यावर लाथा घालत होता. रेफरीचं लक्ष नसताना घालायचा आणि वर हसायचा. एक-एक अशी बरोबरी. मैदान म्हणजे चिखलाचा राडा. शेवटच्या दहा मिनिटांत दोघांच्या मध्ये चेंडू पडला, दोघं धावले, आणि गुरुनाथांच्या मनात स्पष्ट आलं, घे आता. मग बुटाखाली काहीतरी मऊ लागलं, कडकन आवाज झाला आणि घाग ओरडून खाली पडला. त्याला लाकडी बाकावर घालून बाहेर नेला. तो परत कधी मैदानात आला नाही.

रेफरीनं फाउल दिला नाही. कोणी गुरुनाथांना काही बोललंही नाही, उलट सेक्रेटरीनं पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी गुरुनाथ डझनभर मोसंबी घेऊन हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले. आत जाऊन म्हणायचं काय, ते सुचेना. चुकून झालं म्हणावं तर मनात 'घे आता' आलं होतं. मुद्दाम केलं म्हणावं तर पायानं मनाचं ऐकलं की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. अर्धा तास दाराशी उभे राहून ते मोसंब्यांसकट घरी आले आणि आईला म्हणाले, स्वस्त मिळाली.

तेव्हापासून त्यांचा पाय आखडला. पळ तोच, नजर तीच, पण फुलबॅक जवळ आला, दोघांच्या मध्ये चेंडू आला, की पाय आपोआप मागे. दोन-तीन मॅचमध्ये हे सगळ्या बॅकांना कळलं. नुसतं अंगावर धावून जा, पोस्टमन चेंडू सोडतो. चोपन्न साली देशाच्या संघासाठी निवड शिबिर लागलं, त्यात गुरुनाथांना बोलावणं आलं आणि आठव्या दिवशी परत पाठवलं. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी सेक्रेटरीला सांगितलं, "मुलगा वाऱ्यासारखा पळतो हो, पण पाय आखडता घेतो." एकसष्ट साली खेळणं सुटलं. मग खरोखरचे टाइमकीपर झाले, मिल बंद पडेपर्यंत. लग्न, मुलगी, मुलीचं इंजिनियरिंग, मुलीचं लग्न. बायको शुभा २००१ साली गेली आणि पुढल्या वर्षी मीनाक्षीनं त्यांना पार्सिपनीला आणलं.

इथंही बरं चाललं होतं. जावई राजीव कॉम्प्युटरवाला, घरी असून नसल्यासारखा, पण माणूस भला. दहा वर्षांची नात निधी शनिवारी सॉकर खेळायची आणि आजोबा घडीच्या खुर्चीत बसून बघायचे. लेख आल्यावर निधीनं आईकडून तो वाचून घेतला आणि विचारलं, "आजोबा, वेअर यू फेमस?"

"माझगाव ते परळ," आजोबा म्हणाले.

अंक येऊन आठवडा झाला असेल, नसेल. दुपारी घरात कोणी नव्हतं आणि फोन वाजला.

"तांडेल का?" पलीकडून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. "सूर्योदय मिलचा लेफ्ट आउट? मी मनोहर घाग. पेस्तनजी आगबोट. ओळखलंस?"

गुरुनाथ म्हणाले, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला.

हसू नका. एक्कावन्न वर्षं ज्या माणसाच्या मोडलेल्या पायाचा आवाज कानात घेऊन माणूस झोपतो, तो माणूस न्यू जर्सीत लोकल कॉलवर निघतो, तर दुसरं काय बोलणार? गुरुनाथ फोनशेजारी बसून राहिले. याला नंबर कुठून मिळाला, हे त्यांना लगेच कळलं. लेखाखाली मीनाक्षीनं हौसेनं छापला होता. आणि फोन का आला, तेही त्यांच्या मते उघड होतं. ज्याला आपण जन्माचा लंगडा केला, त्यानं वाचलं की तांडेलनं आयुष्यात एकही फाउल केला नाही. जाब विचारायला फोन केला, आणखी कशाला!

पण घाग हा बॅक होता, आणि बॅक चेंडू सोडत नाही. फोन पुन्हा वाजला, तो गुरुनाथांनी नुसता वाजू दिला. संध्याकाळी मीनाक्षी ऑफिसातून आली आणि जरा वेळानं गाणं गुणगुणत बाबांकडे आली. "बाबा, गेस करा कोणाचा मेसेज होता मशीनवर! तुमचे जुने मित्र, घागकाका. एडिसनला असतात, मुलाकडे. मी लगेच कॉल बॅक केला. रविवारी लंचला बोलावलंय आपल्याला."

"तो माझा मित्र नाही," गुरुनाथ म्हणाले.

"अहो, ते तर म्हणाले, तुमच्याइतकं जवळून कोणी त्यांच्याशी खेळलंच नाही."

गुरुवारी त्यांनी पोट बिघडल्याचं जाहीर केलं. शुक्रवारी ब्लडप्रेशर. शनिवारी म्हणाले, हवा खराब आहे, हायवेवरून जाणं बरं नाही. मीनाक्षीनं पोटाला ओवा दिला, मशीन लावून ब्लडप्रेशर मोजलं आणि हवेचा अंदाज इंटरनेटवर बघून सांगितला की लख्ख ऊन आहे. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की बाबांना या देशात एकही माणूस नाही आणि एक सापडलाय तर ते वाकडं तोंड करतायत.

रविवारी राजीवला सॉफ्टवेअरच्या रिलीजचं काम होतं आणि निधीला मैत्रिणीचा बर्थडे, म्हणून बापलेक दोघंच निघाले. वाटेत ओक ट्री रोडवर मीनाक्षीनं पेढे घेतले. "आज काहीतरी नेऊया की, रिकाम्या हातानं कसं जायचं," ती म्हणाली. गुरुनाथ गाडीतच बसून होते. जाऊन पाय धरायचे आणि काय तो निकाल लागू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. माफी मागितली तर घाग काय म्हणेल, याच्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं, आणि घाग नाही म्हणाला तर ते त्याच्या जागी बरोबरच होतं.

अपार्टमेंटचं दार घागनं स्वतः उघडलं. पंच्याहत्तरीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला म्हातारा. तो वळून आत चालायला लागला तशी गुरुनाथांची नजर खाली गेली. उजवा पाय बाहेरच्या अंगाला पडत होता, प्रत्येक पावलाला थोडासा.

घागची सून देवयानी चांगली बोलकी होती. तिनं कोंबडीवडे केले होते, मीनाक्षीला तिनं ताबडतोब स्वयंपाकघरात ओढून नेलं, आणि दोन म्हातारे जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर उरले. गुरुनाथांच्या पानात दोन वडे पडले, त्यातला घास तोंडात गेला तो तिथंच फिरत राहिला.

"घाग," शेवटी ते म्हणाले, "लेकीनं ते जे लिहिलंय ना, ते तिला माहीत नाही म्हणून लिहिलंय. मी तिला तसं सांगितलेलं नाही. एक फाउल मी केलेला आहे. तुला माहीत आहे कुठला. मनात आलं होतं माझ्या. खोटं कशाला बोलू? तुझ्या पायाचं वाटोळं मी केलं. मला माफ कर."

घाग रस्सा ओरपायचा थांबला. वाटी खाली ठेवून त्यानं मिशा पुसल्या.

"म्हणजे मला वाटलं तेच," तो म्हणाला. "ती शेवटची ओळ वाचली, त्रेपन्न सालचं विचारलं की उठून जातात, तेव्हाच मी देवयानीला म्हटलं, हा गाढव अजून ते घेऊन बसलाय. म्हणून फोन केला, तर साला राँग नंबर म्हणतो."

"माझ्या बुटाखाली तुझा पाय..."

"तुझ्या बुटाखाली चिखल होता."

गुरुनाथांनी हातातला घास खाली ठेवला.

"पाय मागं घेतलास तू," घाग म्हणाला. "मी जमिनीलगत होतो, मला दिसलं. तुझा बूट माझ्या पायापासून वीतभर लांब चिखलात रुतला. मी चेंडू मारायला वळलो आणि माझं हाड आपोआप गेलं. आधीच गेलेलं होतं ते. रविवारी लालबागला हुतूतू खेळलो होतो. चोरून. आमच्या कंपनीचा नियम होता, फुटबॉलच्या पगारावर असाल तर दुसरा खेळ खेळायचा नाही, खेळलात की घरी. मी तेव्हा टेंपररी. एक जाडजूड चढाईवाला पडला पायावर, पाऊल टम्म सुजलं. पट्टी आवळून बांधली आणि गुरुवारी उतरलो तुझ्यासमोर. तुला लाथा का घालत होतो? तू लांब राहावास म्हणून! पळायची ताकद कुठं होती माझ्यात?"

"मग सगळे म्हणत होते ते?"

"म्हणू दिलं. पडल्या-पडल्या आमचा कॅप्टन ओरडला, बुटानं तोडला, बुटानं तोडला. मी गप्प बसलो. हुतूतूचं कळलं असतं तर नोकरी गेली असती. मॅचमध्ये मोडला म्हटल्यावर कंपनीला माझी दया आली, तिकीट ऑफिसात कायम केलं. तीस वर्षं खुर्चीवर बसून काढली. मुलाचं, प्रसादचं, शिक्षण त्याच खुर्चीवर झालं. तुला काही शिक्षा झाली नाही, रेफरीनं फाउलसुद्धा दिला नाही, तेव्हा मला वाटलं, चला, कोणाचंच काही बिघडलं नाही."

तुम्हाला वाटेल, आता गुरुनाथांनी त्याला मिठी मारली असेल. छे! गुरुनाथांनी खुर्ची मागे सारली, ताडकन उभे राहिले, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात जेवढा आवाज चढवला नव्हता तेवढा चढवला.

"कोणाचंच बिघडलं नाही? आठ वर्षं मी अर्ध्या पायानं खेळलो! शिबिरातून परत पाठवला मला, पाय आखडतो म्हणून! समोर कोणीही आला की मला तूच दिसायचास, बाकावर घालून नेताना. आणि तू तिकिटं फाडत बसला होतास?"

मीनाक्षी आणि देवयानी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मीनाक्षीनं बाबांना असं कधी पाहिलंच नव्हतं. "बाबा, प्लीज, बीपी," एवढंच ती म्हणाली.

घागचा चेहरा उतरला होता. शिबिराचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पाय मोडल्यावर त्यानं फुटबॉलच्या बातम्या वाचणं सोडून दिलं होतं, वाचवत नव्हत्या म्हणून. "तांडेल, हे मला माहीत नव्हतं रे," तो म्हणाला. "आईशप्पथ नव्हतं. एक शब्द टाकला असता तुझ्या कानावर, तर संपलं असतं. नाही टाकला. घाबरट होतो मी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. "आता तू मला माफ कर."

गुरुनाथ उभेच होते. आणखी बोलायला तोंड उघडलं, पण राग जो एकदम चढला होता तो तसाच एकदम उतरायला लागला, आणि त्याच्या खालून दुसरंच काही वर आलं. घागनं सांगितलेल्यातलं एक वाक्य आता कुठं नीट आत पोहोचलं. पाय मागं घेतलास तू. मनात आलं होतं आणि पायानं ऐकलं नव्हतं. बावीस वर्षांचा तो पोरगा, घोटे सुजलेला, चिडलेला, डोक्यात सूड घेऊन धावणारा, त्यानं ऐन वेळी पाय वळवला होता. ज्या माणसाची त्यांना इतकी वर्षं लाज वाटत होती, तो माणूस तिथं नव्हताच. गुरुनाथ खाली बसले. छाती इतकी हलकी झाली की क्षणभर त्यांना हे दुखणं तर नव्हे अशी शंका आली. मग त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि तो पार तळापर्यंत गेला.

"वीतभर?" त्यांनी विचारलं.

"वीतभर. जास्तच असेल."

"नीट आठव."

"अरे, माझा पाय होता तो!" घाग खेकसला. "मला नाही आठवणार तर कोणाला?"

गुरुनाथांनी पानातला वडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. देवयानीनं आणखी दोन वाढले, तेही गेले. कोंबडी त्यांनी दोनदा मागून घेतली. पोट बिघडलेल्या माणसाचं हे जेवण बघून मीनाक्षीनं पेढ्यांचा खोकाही पुढं सरकवला.

निघताना घागनं दारात हात धरला. "माफ केलंस का, ते सांगितलं नाहीस."

"नाही केलं," गुरुनाथ म्हणाले. "आठ वर्षांची माफी अशी एका जेवणावर मिळते होय? पुढल्या रविवारी येतो. मग बघू."

"ये," घाग म्हणाला. "मटण करायला सांगतो."

गाडी हायवेला लागली तेव्हा चार वाजले होते. मीनाक्षीनं रेडिओ लावला नाही. बाबांनी तिला आपण होऊन सगळं सांगितलं. लालबाग, पट्टी, चिखल, मोसंबी, शिबिर. सांगताना ते दोनदा हसले.

"एवढी वर्षं तुम्ही हे एकट्यानं सहन केलंत?" तिनं विचारलं. "आईलाही नाही सांगितलंत?"

"तिला सांगितलं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत सांगितलं. एकदाच."

"मग काय म्हणाली आई?"

गुरुनाथांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हणाली, अहो, तुमच्याकडून असं होणारच नाही. रागावलात तरी तुमचा हात कोणावर उठत नाही, पाय कसा उठेल? तुम्ही ऐन वेळी मागे घेतला असणार, तुम्हाला कळलं नसेल."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्यावर ओरडलो," गुरुनाथ म्हणाले. "म्हटलं, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

आणि ते रडायला लागले. मीनाक्षीनं गाडी उजव्या, सावकाश जायच्या लेनमध्ये घेतली, वेग कमी केला आणि त्यांना रडू दिलं.